नवरीने मागितलेली मुदत

चर्चच्या पाळकपदाची दीक्षा मिळण्याआधी रंजीताला दोन वर्षं मुलचेऱ्याचे पाळक हरिदास यांच्या हाताखाली काढायची होती. बाई चौतिशीची, पोंभुर्ण्याची, आवाज खणखणीत. तिच्या उपदेशाने मागच्या बाकावर डुलक्या घेणारा वारलूही जागा व्हायचा. खोट एकच. प्रश्न विचारला की उत्तराची वाट न पाहता ती पुढे पळायची. आजाऱ्याला "कसं वाटते?" विचारून तो तोंड उघडेपर्यंत तिचं आमेन झालेलं असायचं.

"बाई, तुमची गाडी थांब्यावर थांबतच नाई," हरिदास म्हणायचे.

दीक्षेला महिना उरला तेव्हा त्यांनी लग्नविधीचा सराव काढला. नवरा ते स्वतः. नवरी म्हणून बायकोला, सीताबाईंना, हाक मारली. लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या सीताबाई मागच्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या सुपासकट येऊन उभ्या राहिल्या.

"उत्तर आल्याबिगर पुढं जायचं नाई," हरिदासांनी रंजीताला बजावलं.

रंजीताने पुस्तक उघडलं. हरिदासांनी आपलं "होय" दणक्यात म्हटलं. मग ती सीताबाईंकडे वळली. "तुम्ही या पुरुषाचा पती म्हणून स्वीकार करता का?"

सीताबाईंनी सुपातला एक खडा उचलून फेकला. "विचार करू दे मले."

हरिदास हसले. "अवो, सराव करून राह्यलो आपन. हो म्हन."

"खऱ्या वेळेस कोनं विचार करू देल्ला होता? दर आयतवारी चार जन जेवाले आनता, अन् सांगता कवा? ते दारात चपला काढून राह्यले का मंग."

हरिदास रंजीताकडे वळले. "चला बाई, पुढचं वाचा."

तिची जीभ शिवशिवत होती. तरी तिने पुस्तक मिटून काखेत धरलं. "उत्तर आलं नाई ना, पाळकसाहेब."

अर्धा तास गेला. नवरा पायरीवर बसला, उठला, पुन्हा बसला. शेवटी म्हणाला, "शनिवारीच सांगत जाईन."

"किती जन, ते पन?"

"ते पन."

"अन् भांडे?"

हरिदासांनी वर आभाळाकडे पाहिलं. तिकडून काही मदत आली नाही. "घासीन."

"मंग हो," म्हणून सीताबाई उरलेले तांदूळ निवडायला गेल्या.

हरिदासांनी त्याच दुपारी बिशपांना अहवाल लिहिला. उमेदवार तयार आहे, मात्र तिने अधूनमधून नवऱ्याचीही बाजू घ्यावी.

दीक्षाविधी चंद्रपूरला झाला. रंजीताने गुडघे टेकले, बिशपांनी आणि पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले. प्रार्थना संपली, सगळ्यांनी हात काढले; हरिदासांचा निघेना. त्यांच्या घड्याळाचा साखळीचा पट्टा तिच्या अंबाड्यात अडकला होता. दोघं जिथल्या तिथे. शेवटी सीताबाई पुढे आल्या आणि रंजीताच्या केसातली पिन काढून त्यांनी गुंता सोडवला.

"कित्ती वेळ प्रार्थनेत होत्या बाई," पाळकांच्या गराड्यामुळे काही न दिसलेली मंडळी बाहेर चहा पिताना म्हणाली. रंजीताने कोणाचाही गैरसमज दूर केला नाही. सोमवारी ती धानोऱ्याला रुजू झाली, साधी वेणी घालून.