खो मिळायच्या आधी

राज्याच्या खो-खो संघात माझी निवड का झाली नाही, याची कारणं आमच्या नातेवाइकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. मामा म्हणतात, सकाळी मी नीट खाल्लं नव्हतं. शेजारच्या काकूंच्या मते मुलींना तेवढा दमच नसतो. त्या स्वतः एक जिना चढून आल्या की आमच्याकडे पाणी मागतात, ते असो. बाबा सगळ्यांना सांगतात, मॅटमुळे गेलं, आमची पोर मातीत खेळलेली. मी कुणाचंच बोलणं खोडत नाही. बाबांचं तर नाहीच.

आम्ही दोघी बहिणी खेळायचो, मी आणि माझी धाकटी. रोज संध्याकाळी एकाच स्कूटीवरून धायरीहून कर्वेनगरच्या मैदानावर जायचो आणि कोण चालवणार यावरून जिन्यातच भांडायचो. खो-खोत पाठलाग करणाऱ्या मुली मधल्या पट्टीवर ओळीने बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. धावणारी मागून येते, पाठीवर हात मारून ‘खो’ म्हणते, आणि मगच बसलेलीने उठायचं. आधी उठलं तर फाऊल. मागे कोण येतंय, ते बसलेलीला दिसत नाही.

मला दिसायची गरजही नव्हती. खो द्यायला थांबताना धाकटी उजवी टाच मातीत घासायची. ही तऱ्हा मुळात बाबांची. कंपनीतले जड बूट वर्षानुवर्षं घालून ते टाच ओढत चालतात, आणि लहानपणी त्यांची नक्कल करता करता तिला ती सवयच लागली. मातीत टाच घासल्याचा आवाज आला की माझं अंग आपोआप तयार व्हायचं. तिचा हात लागायचा आणि मी सुटायचे. समोरच्या संघाला वाटायचं, या दोघींनी काहीतरी खूण ठरवली आहे. आमचे सर शनिवार पेठेतले. ते एकदा म्हणाले, "आपल्या घरी एकमेकींशी बोलायची पद्धत नाही वाटतं." त्यांच्याकडून एवढी स्तुती दुसऱ्या कुणाची झालेली मला आठवत नाही.

राज्याच्या संघात जायचं तर दोघींनी एकदमच, असं आमचं ठरलं होतं. एकीलाच घेतलं तर तिने नाही म्हणायचं, असंही ठरलं होतं. ते दोघींपैकी कुणीच पाळलं नसतं.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता तिला डेंग्यू झाला. ताप उतरला तेव्हा आईने विहारात जोडते तसे हात जोडून डॉक्टरांना नमस्कार केला. ताप उतरल्यावरच खरं जपायचं असतं, हे आम्हाला फार उशिरा कळलं. शेवटच्या दिवशीही ती मला विचारत होती, निवड चाचणीची तारीख आली का. मी नाही म्हणाले, आणि खरंच आली नव्हती. ती गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, विहारातली माणसं येऊन गेली, आणि त्याच आठवड्यात तारीख आली.

आई म्हणाली, "जा तू. तिच्या वाटचंही खेळून ये."

मी सरावाला जाऊ लागले, पण मला खेळता येईना. मागून अचानक कुणाचा तरी हात पाठीवर पडायचा आणि मी दचकायचे. दचकून उठेपर्यंत पळणारी निसटलेली असायची. एरवी सरांनी मला विचारलं असतं, उठण्यासाठी आपल्याला आमंत्रणपत्रिका पाठवू का. आता ते नुसतं "असू दे, पुन्हा करू" म्हणायचे. त्यांच्या त्या मऊ बोलण्याची मला फार चीड यायची.

चाचणी मॅटवर होती. मैदानातच मॅट अंथरली होती, कडेला सगळा मुरूम. मॅटवर पावलं वाजत नाहीत. मला ते बरंच वाटलं. कुठलाच आवाज येणार नाही, तर वाटही बघायला नको. पहिल्या डावात मी बरी खेळले. सरांनी लांबून मान हलवली. हातात आलं होतं सगळं.

दुसऱ्या डावात मी खांबाजवळच्या चौकात बसले होते. मागे टाच घासली. तोच आवाज, तसाच. मी उठले आणि धावत सुटले.

शिट्टी वाजली. आमची धावणारी मुलगी पार पलीकडच्या खांबापाशी होती. माझ्या मागे मॅटवर कुणीच नव्हतं. मॅटच्या कडेने मुरमावरून बाबा येत होते, कंपनीच्या बुटांत, हातात पाण्याची बाटली घेऊन. आमचा एकही सामना त्यांनी कधी पाहिला नव्हता. कंपनीतली पाळी सोडून येणं जमायचंच नाही. त्या दिवशी मला न सांगता ते अर्धी रजा टाकून आले होते.

मी परत जाऊन बसले, पण मला पाठ ताठ ठेवता येईना. रडत होते. पुढचा खो मिळाला तेव्हा उठलेच नाही. सरांनी मला बाहेर घेतलं.

परतताना स्कूटी बाबांनी चालवली. वडगावच्या सिग्नलला थांबल्यावर मागे न बघता त्यांनी विचारलं, "मी आलो म्हणून बुजलीस का गं? माझं येणं नडलं का?"

"नाही हो, बाबा. मॅटची सवय नव्हती."

"मग ठीक," ते म्हणाले. तेव्हापासून ते सगळ्यांना मॅटचं सांगतात.

मी खेळ सोडला. आता कर्वेनगरच्याच मैदानावर लहान मुलींना शिकवते. खो मिळायच्या आधी उठू नका, असं रोज ओरडून सांगते आणि घरी येते. संध्याकाळी बाबा कामावरून परततात. जिन्यात त्यांची टाच घासते आणि मी बसल्या जागेवरून उठलेली असते.

"कुठे निघालीस?" आई विचारते.

"बाबांना दार उघडायला," मी म्हणते.