बिनरेघेची खूण

बाप समुद्रात कसा गेला, हे अदेरितू आठवड्यातून चार वेळा तरी सांगायचा. सांगायची जागा ठरलेली: पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या पोव्हुआ गावातल्या बंदराचा धक्का, लापाच्या देवळासमोर. वेळही ठरलेली, साडेदहा. सकाळी नऊला पोर्तोच्या हॉटेलातून पाहुणे उचलायचे, विला दो कोंदला थोडं थांबायचं, मग हा धक्का, मग जेवण, मग उत्तरेकडचं व्हियाना गाव, आणि सहाला परत हॉटेलच्या दारात. स्वतःची काळी गाडी, स्वतःचं इंग्रजी आणि स्वतःचा बुडालेला बाप. ‘कोळ्याच्या मुलासोबत एक दिवस किनाऱ्यावर’ असं त्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

“मी सात वर्षांचा होतो,” अशी सुरुवात. “बाप कॉड मासे मारायला समुद्रापार न्यूफाउंडलंडला गेला. सहा महिन्यांची फेरी. धुकं इतकं, की पसरलेला हात दिसायचा नाही. एका सकाळी हजेरी घेतली तर एक माणूस कमी.” इथे तो थांबायचा. मोजून तीन श्वास. पाहुण्यांतली एखादी बाई गॉगल काढायची. मग तो म्हणायचा, “माझी आई त्या दिवसापासून काळ्या कपड्यात आहे.”

धक्क्यावरच्या बाकावर म्हातारे खलाशी उन्हाला बसलेले असत. अदेरितूने सुरुवात केली की ते एकेक करून उठत आणि पाय ओढत निघून जात. माणसाच्या मरणाचा मान राखतात, असं त्याला वाटे. त्याला ते आवडेही.

आता तो बावन्नचा होता. लग्न नव्हतं. पोव्हुआत धाकट्या मुलाला घर मिळतं आणि घरासोबत म्हातारी आई मिळते. हे कुठे लिहिलेलं नाही, पण प्रत्येक घराची एक खूण असते, तिच्यावरून कळतं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बापजाद्यांनी ती जाळ्यावर, वल्ह्यावर, टेबलाच्या कडेला, थडग्यावर कोरून ठेवली. बापाच्या खुणेला थोरला मुलगा एक रेघ जोडतो, त्याच्या पाठचा दोन, आणि असं खाली. सगळ्यात धाकट्याला मात्र बापाची खूण जशीच्या तशी, बिनरेघेची मिळते. अदेरितूच्या घराची खूण म्हणजे तीन पायांची तिवई. थोरला भाऊ कुस्तोदियू आपली एक रेघ घेऊन सतराव्या वर्षीच फ्रान्सला पळाला. अदेरितूने कोरी तिवई गाडीच्या दारावर पांढऱ्या रंगात काढून घेतली होती. जाहिरातीतही तीच.

चोविसाव्या वर्षी लुसिंदा त्याला म्हणाली होती, “चल ना रे फ्रान्सला, लियोंला. माझा मामा काम देतोय तुला.”

“आईचं काय?”

“तुझ्या भावाने विचारलं होतं का, आईचं काय?”

“तो थोरला आहे.”

“आणि तू?”

“मी धाकटा.”

लुसिंदा हसली नाही, रडली नाही. “मग राहा धाकटा,” म्हणाली आणि गेली. पुढे तिचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. त्याने कधी तक्रार केली नाही. आपण राहिलो कारण राहणं आपल्या वाट्याचं होतं, एवढ्या एका गोष्टीवर त्याने पुढची अठ्ठावीस वर्षं काढली.

मेच्या त्या मंगळवारी पाहुणा एकटाच होता. एकट्या माणसाने अख्खी गाडी घ्यावी हे जरा नवलच. नाव जेरार्ड, वय चाळीस-बेचाळीस, थोराड, बाहेर आलेले लालबुंद कान. विला दो कोंदला त्याने एकही फोटो काढला नाही. अदेरितूने जहाजं बांधायची जुनी जागा दाखवली, तर हा गाडीच्या दाराकडेच बघत उभा.

“काही विसरलात का गाडीत?”

“नाही,” जेरार्ड म्हणाला. “तुम्ही बोला.”

साडेदहाला धक्का आला. अदेरितूने सुरुवात केली. बाकावरचे म्हातारे उठायला लागले. सात वर्षं, सहा महिने, धुकं, हजेरी, एक माणूस कमी. तो थांबला. एक श्वास, दुसरा श्वास.

“पुढचं मी सांगू का?” जेरार्ड म्हणाला.

अदेरितूला वाटलं, हा गंमत करतोय. पाहुणे करतात कधी कधी.

“जहाज पाणी भरायला न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स बंदराला लागलं होतं,” जेरार्ड सांगू लागला. तो नजर वर करत नव्हता. “तो खाली उतरला आणि परत चढला नाही. माझ्या आईची खानावळ होती धक्क्याजवळ. मी तीन वर्षांनी झालो. या फेब्रुवारीत गेला तो. अंथरुणात. मरताना मला म्हणाला, पोव्हुआला माझी बायको आहे आणि दोन मुलगे.”

त्याने खिशातून एक जुना सुरा काढला. लाकडी मूठ, काळी पडलेली. मुठीवर तीन पायांची तिवई. रेघ नाही.

“ही माझ्यासाठी कोरली होती त्याने. इंटरनेटवर हीच खूण तुमच्या गाडीवर दिसली. म्हणून आलो.”

अदेरितूने सुऱ्याला हात लावला नाही. तो वळला. सगळ्यात हळू चालणारा म्हातारा झेफेरीनू अजून वीस पावलांवरच होता.

“झेफेरीनूकाका.”

म्हातारा थांबला, पण मागे वळला नाही.

“तुम्ही त्याच जहाजावर होतात ना?”

“होतो.”

“मग?”

“मग काय. तुझ्या आईने काळं घातलं. टोप्या काढून आम्ही सगळे तिच्या दाराशी जाऊन आलो. ती म्हणाली बुडाला, तर बुडाला.”

“पंचेचाळीस वर्षं? अख्ख्या गावाने?”

“अरे, आम्ही गप्प होतो. सांगत तू होतास.” म्हाताऱ्याने आता मान वळवली. “आणि काय रंगवून सांगायचास रे. धुकं काय, हजेरी काय; तेवढं इंग्रजी त्या बंदरांत आम्हीही शिकलो. आम्हांला बसवत नसे तिथे. म्हणून उठायचो.”

तो निघून गेला. जेरार्डला भाषा कळत नव्हती. “काय म्हणाले ते?” त्याने विचारलं.

“म्हणाले, आज वारा आहे,” अदेरितू म्हणाला. “चला. आईकडे जेवायला चला.”

फेलिज्मिना अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. काळा झगा, काळी ओढणी, घरात सुद्धा. चुलीवर मासा उकडत होता. तिने वर पाहिलं, पाहुण्याचे कान पाहिले आणि पळी भांड्यातच राहू दिली.

“कोण हा?” तिने विचारलं. तिला कळलेलं होतं.

“तू सांग कोण ते.”

“घरात आलेल्या माणसाला आधी बसायला सांग.”

“बसा,” अदेरितू इंग्रजीत म्हणाला. जेरार्ड बसला, टोपी मांडीवर ठेवून, दवाखान्यात बसावं तसा.

“तिला सांगा, वडील अकरा फेब्रुवारीला गेले,” तो म्हणाला. “सांगा, त्रास झाला नाही फार.”

“काय म्हणतो?” फेलिज्मिनाने विचारलं.

“तुझा नवरा मेला म्हणतो. तुझ्या हिशेबाने पंचेचाळीस वर्षं उशिरा.”

तिने विस्तव कमी केला. “जोरात बोलू नकोस. शेजारी ऐकतात.”

“शेजाऱ्यांना माहीत आहे, आई. तेवढा मीच राहिलो होतो.”

“काय म्हणतात त्या?” जेरार्डने विचारलं.

“म्हणते, देव त्याला शांती देवो,” अदेरितू म्हणाला आणि लगेच आईकडे वळला. “का घातलंस काळं?”

“मग काय घालू? टाकलेल्या बाईला या गावात कपडा नाही. विधवेला आहे. विधवेला मासळीबाजारात जागा मिळते, बंदरावर वाटा मिळतो, देवळात पुढचा बाक मिळतो. दोन पोरं होती पदरात. जहाजाचा निरोप आला त्या दुपारी मी कपडे काळ्या रंगात बुडवले. संध्याकाळी सगळं गाव दारात होतं. दोन दिवस चूल पेटवावी लागली नाही.” ती हे अशा सुरात बोलली, जणू कुणी एखादा पदार्थ कसा केला असं विचारलं असावं.

“आणि हा? हा आहे, हे माहीत होतं तुला?”

“झेफेरीनूने काही वर्षांनी एका फेरीला पाहिला होता. एवढासा होता म्हणाला. कान बापाचे.”

अदेरितू टेबलाला टेकून उभा राहिला. “लुसिंदा गेली तेव्हा हा चौदा वर्षांचा होता.”

“असेल.”

“असेल नाही. होता. मी इथे राहिलो कारण मी धाकटा. तूच म्हणायचीस, तू धाकटा, तू कुठे जाणार. मी धाकटा नव्हतो, आई. धाकटा तिकडे बर्फात खेळत होता.”

“सांगितलं असतं तर तू गेला असतास.”

“हो. गेलो असतो.”

“म्हणूनच नाही सांगितलं,” फेलिज्मिना म्हणाली आणि ताटल्या मांडायला लागली.

जेरार्ड दोघांच्या तोंडाकडे बघत होता. न राहवून त्याने सुरा टेबलावर ठेवला आणि म्हातारीकडे सरकवला. “तिला सांगा, हा तिच्यासाठी आणलाय. तिच्याकडे असायला हवा.”

अदेरितूने हे नीट सांगितलं. शब्दाला शब्द. आई तो घेईल, खणात टाकेल, आणि निदान एवढं तरी मिटेल असं त्याला वाटलं.

फेलिज्मिनाने सुरा डोळ्यांजवळ धरला. मग अंगठ्याने चाचपला. तिवईचा एक पाय, दुसरा, तिसरा. कडेला रेघ शोधली, पुन्हा शोधली. मग मूठ पुसून तिने सुरा जेरार्डच्या हातात परत दिला आणि त्याची बोटं आपल्या हाताने मिटवली.

“त्याचा आहे. शेवटचा हा.”

“आणि मी?”

“तू मधला. दोन रेघा घाल तुझ्या खुणेला.”

“बावन्नाव्या वर्षी?”

“खूण म्हणजे खूण. त्या माणसाने दुसरं काही नीट केलं नाही, पण हे नीट केलं.”

“गाडीच्या दारावर सुद्धा घालू?”

“गाडीचं मला काय विचारतोस. मी कधी बसलेय तुझ्या गाडीत?”

ती कधीच बसली नव्हती. सहली तिला बघवत नसत. परके लोक दुसऱ्याचं मरण बघायला पैसे देतात, म्हणायची. त्यामागचं कारण आज कळलं.

जेवायला मासा आणि बटाटे होते, वर कांद्याचं लाल तेल. फेलिज्मिनाने माशाचं डोकं पाहुण्याला वाढलं. या घरात डोकं नेहमी अदेरितूच्या ताटलीत पडत आलं होतं. जेरार्डने ते कसं खायचं विचारलं नाही. गालाचं मांस आधी काढलं, मग डोळा, मग हाडं चोखून ताटलीच्या कडेला ओळीने मांडली. म्हातारी स्वतःचं जेवण विसरून बघत बसली. अदेरितूने आईला असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. आपण खात असताना तर नाहीच.

“बापाने शिकवलं त्याला,” ती म्हणाली.

“मला कुणी शिकवलं मग?”

“तुला मी शिकवलं.” तिची नजर पाहुण्यावरून हलली नाही.

दोनला निघायचं होतं. व्हियाना बाकी होतं. दाराशी जेरार्डने टोपी हातात घेतली आणि खाली वाकला. फेलिज्मिनाने त्याचा कान धरला, खोडकर पोराचा धरतात तसा, आणि सोडलाच नाही.

“सांग त्याला,” ती अदेरितूला म्हणाली. “मागची खोली रिकामी आहे म्हणावं. उन्हाळ्यात ये. पोरंबाळं असली तर घेऊन ये. माझे डोळे आहेत तोवर ये.”

मागची खोली कुस्तोदियूची. पाहुण्यांना दोन दिवस भाड्याने देऊ का, असं अदेरितूने कितीदा विचारलं होतं. परका माणूस या घरात झोपणार नाही, असं ती म्हणायची.

“काय म्हणतात?” जेरार्डने विचारलं. कान अजून तिच्या हातात होता आणि तोंडावर लहान मुलासारखं हसू होतं.

“आई म्हणते,” अदेरितू इंग्रजीत म्हणाला, “झालं ते झालं. तुम्ही आलात, ठीक. पण पुन्हा येऊ नका. तिला सोसत नाही.”

हसू लगेच गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, मग ओठांवरून. जेरार्ड हलकेच मागे झाला. म्हातारीचा हात हवेत राहिला.

“काय रे, तोंड का उतरलं त्याचं?”

“निघायचं म्हणून.”

“नीट सांगितलंस ना?”

“तू म्हणालीस तेच सांगितलं.”

ती जेरार्डकडे बघून मान हलवत राहिली, हो, हो, ये, ये. जेरार्डनेही मान हलवली. समजलं, समजलं. मग तो गाडीत जाऊन बसला, पुढच्या सीटवर नाही, मागे.

गाडी व्हियानाच्या रस्त्याला लागली. मग जेरार्ड म्हणाला, “बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असतो तर दारातूनच हाकललं असतं. तिने जेवू घातलं.”

“हं.”

“मला हॉटेलवरच सोडा. व्हियाना नको.”

“सहलीत आहे ते,” अदेरितू म्हणाला आणि गाडी उत्तरेलाच चालवत राहिला. डोंगरावरचं देऊळ दाखवलं, नदीचं तोंड दाखवलं, पूल कधी बांधला ते सांगितलं. जेरार्ड कठड्याला टेकून सगळं ऐकत होता, शिक्षा ऐकावी तसा. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “पत्र पाठवलं तर चालेल का तिला? यायचं नाही, ते ठीक. नुसतं पत्र. वर्षातून एखादं.”

“तिला वाचता येत नाही.”

“मग तिला आलेली पत्रं कोण वाचून दाखवतं?”

“मीच,” अदेरितू म्हणाला.