अड्याळची राणी

बैलबंडीवर धानाची पोती चढवता चढवता त्यांचा उजवा हात मधेच डोक्याकडे जायचा, तिथं नसलेला पदर सारखा करायचा आणि पुन्हा पोत्याला लागायचा. सहा फूट उंच, काळाकुळकुळीत, रेड्यासारख्या खांद्यांचा हा शेतकरी असं का करतो, ते अड्याळच्या शाळेत नव्यानंच आलेल्या मला कळेना. मी त्यांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहत होते. त्यांच्या बायकोला विचारलं, तर ती हसत म्हणाली, "काही नाही झालं त्यायले. दिवाळी जवळ आली जी."

दिवाळीनंतर त्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि मंडईत दंडार होते. गाणी, नाच, सोंगं, राजाराणीची गोष्ट, सगळं गावातल्या हौशी गड्यांनीच करायचं. बायकांची सोंगंही गडीच घेत. आमचे हे समोरचे भाऊ दंडारीतली राणी होते. दसरा झाला की मिशी जायची आणि चाल बदलायची. ऐन धानकापणीत कुणी घाई केली, तर विळा हातात धरून ते शांतपणे सांगत, "राणीले घाई नसते."

तुमच्याही गावात असा एखादा असेल. त्याला आपली साडी मात्र देऊ नका. मी पहिल्याच वर्षी दिली. "बाई, ते आकाशी पातळ द्याल का?" भाऊ दारात उभे राहून म्हणाले. "राणी वनवासात जाते. तिले साधंच शोभन." नागपूरहून आणलेलं माझं सगळ्यात भारी पातळ वनवासासाठी पसंत झालं होतं.

त्यांची थोरली लेक सुमी माझ्याच वर्गात होती. तिला बापाचं हे वेड अजिबात आवडत नसे. वर्गातल्या पोरी तिला 'राजकन्या' म्हणून चिडवत. एकदा तिनं मला थांबवून विचारलं, "बाई, लोकायचे बाबा पत्ते खेळतात, नाही त भजन म्हणतात. माह्याच बाबाले काहून नटाव वाटते?"

"त्यांनाच विचार."

"विचारलं. म्हणे, भजनात पातळ नेसू देत नाहीत."

बायकोला निऱ्या घालायला सांगावं, तर तिला इतकं हसू येई की हातातल्या निऱ्या सुटून जात. म्हणून ते काम सुमीवर आलं. आरसा मोठा म्हणून सगळा थाट माझ्या घरी चाले. भाऊ दोन्ही हात पसरून उभे, सुमी पुढ्यात बसलेली.

"सरळ राय. पोट आत घे."

"पोट आत घेतलं त श्वास कुठं ठेवू, माय?"

"घरी ठेवून ये."

एरवी घरात बापलेकीचं बोलणं म्हणजे 'जेवला का' आणि 'हो' एवढंच. पण निऱ्या सुरू झाल्या की सुमी खाली बघत आणि ते वर आढ्याकडे बघत कितीतरी वेळ बोलत. गणिताची भीती, मैत्रिणीचं भांडण, पुढं मोठी झाल्यावर, 'पोराले पाह्यल्याबिगर मी लग्नाले हो म्हणणार नाही', हे सगळं सुमी त्या निऱ्यांना सांगायची. भाऊ म्हणायचे, "हं, माय." कधीकधी पातळ नेसवून झालं तरी ती पुन्हा सोडायची. "बरोबर नाही बसलं." मला तरी ते छान बसलेलं दिसायचं.

दंडार पाहायला मात्र ती कधी गेली नाही.

सुमी लग्नाची झाली आणि आंधळगावचं स्थळ आलं. तिनं बापाला बजावलं, "लग्न होयेपर्यंत त्यायले राणीचं सांगू नोको." भाऊंनी मान डोलावली. पाहुणे मंडईच्या दुसऱ्या दिवशी यायचे होते. पण गावात मंडई आहे म्हटल्यावर कोण थांबतं? ते एक दिवस आधीच आले.

भाऊ तेव्हा माझ्या ओसरीत पूर्ण राणी होऊन बसले होते. तोंडाला पांढरा रंग, हातभर बांगड्या, फक्त मुकुट बाकी. दारात टोपीवाले एक गृहस्थ येऊन उभे राहिले आणि त्यांनी नेमकं भाऊंचंच नाव घेतलं.

"वहिनी, त्यायचं घर कोणतं जी? आमी पोरगी पाहाले आलो."

सुमी दाराआड, तोंडात पिना. भाऊंनी पदर पुढं ओढला आणि राणीच्या नाजूक आवाजात म्हणाले, "समोरचं. बसा तुमी. धनी येतच असतील."

"लय उपकार, वहिनी."

समोरच्या घरी मुलगा, त्याची आई आणि हे गृहस्थ खाटेवर बसले. भाऊंची बायको तोंडात पदर कोंबून पाणी देत होती. तिकडं मैदानात ढोलकी सुरू झाली.

भाऊ बांगड्या ओरबाडू लागले. "मी नाही जात आज. पाणी दे, लवकर दे." त्यांनी तोंड धुतलं, तर रंग निघेना; काजळ तेवढं गालांवर उतरलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "माह्यापायी तुह्यं काम बिघडन, माय."

सुमीनं तोंडातल्या पिना काढल्या.  मग एकेक बांगडी परत चढवत म्हणाली, "राणीले घाई नसते, बाबा." तिनं पदर नीट केला, त्यांचा दंड धरला आणि रस्ता ओलांडला. मी मागोमाग.

"हे माहे बाबा," ती पाहुण्यांना म्हणाली. "दंडारीत राणी होतात. मले आवडत नाही. पण होतात."

मुलाच्या बापानं पेला खाली ठेवला. "म्हणजे मी इवायाले, पोरीच्या बापालेच वहिनी म्हणून आलो?" आणि ते असे हसू लागले की खाट करकरू लागली. मुलाची आई हसली नाही. उठून तिनं भाऊंभोवती एक चक्कर मारली.

"हे पातळ कोणं नेसवलं?"

"मी," सुमी म्हणाली.

"माह्या लग्नात मले कोणी असं नेसवलं नाही. पोरगी आमची."

सुमीनं मुलाकडे पाहिलं. तो अजून राणीकडेच बघत होता. तिला हसू आलं, आणि तेच होकारासारखं झालं.

सगळी वरात मंडईला गेली. सुमीनं त्या दिवशी पहिल्यांदा दंडार पाहिली. कशी वाटली, विचारलं तर म्हणाली, "मधात जांभई आली. पण बाबा एवढा पळाला, एक निरी सुटली नाही."

पुढं माझी बदली झाली. काही वर्षांनी सुमी मला भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर भेटली. भाऊ गेल्याचं तिनंच सांगितलं. शेवटी गुडघे धरले, म्हणून राणी सुटली. मग ते आंधळगावला यायचे आणि दोघं व्याही सुमीला घेऊन आसपासच्या मंडया पालथ्या घालायचे. दुपारच्या उन्हात बंडीत बसून दंडार बघता बघता दोघांनाही झोप लागे, एकाची टोपी दुसऱ्याच्या खांद्यावर. आणि दंडार न आवडणारी सुमी एकटी जागी.

"पाहावं लागे न बाई. उठल्याबरोबर दोघंही विचारत, मंग काय झालं? सांगा लागे."

तिची गाडी लागली. पिशवी उचलताना ती म्हणाली, "बाबा गेल्यावर यंदाही दंडारीले गेलती मी. कंटाळाच आला. पण सरेपर्यंत उठली नाही."