बसच्या पूर्वेस सायकल

अर्जदार : मी स्वतः, दौंडच्या तहसील कचेरीबाहेर टेबल मांडून बसणारा अर्जलेखक. शिक्षण नववी, अनुभव अफाट.
जिच्याविषयी अर्ज : माझ्या टेबलाशेजारी हार विकणारी बाई. माहेर कासुर्डी, सासर दौंडजवळच्या वाडीवर. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ती आता सरकारी माणूस आहे.
काळ : नव्वदीच्या दशकाचा उत्तरार्ध, बारावीच्या परीक्षेचे दिवस.
साक्षीदार : एक, चहाच्या टपरीचे आबा. दोन, बाईचे सासरे, जे सुरुवातीस विरुद्ध पक्षात होते.

हाराची गाठ मारायची, दोरा दातांनी तोडायचा आणि मान वर न करता म्हणायचे, "हं, फुडलं सांगा." ही तिची रीत. वाचकहो, पुढले म्हणजे इंग्रजी. मी गाइडमधला उतारा वाचायचा आणि तिने शेवंती ओवता ओवता तो पाठ करायचा, असा आमचा उद्योग चाले. सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून बारावीला बसली होती. तिला नर्स व्हायचे होते, आणि इंग्रजीने तिला दोनदा आडवे पाडले होते. नवरा कुरकुंभच्या कंपनीत पाळ्या करी. त्याचे काही म्हणणे नव्हते. म्हणणे होते ते सासऱ्यांचे. "ही शेवटची खेप. न्हाईतर पुस्तकं बंबात," असे त्यांनी भर बाजारात जाहीर केले होते.

पत्रलेखन तिला येई. निबंध तिने घोटून ठेवला होता. अडायचे ते गोलापाशी. प्रश्नपत्रिकेत एक गोल आकृती असते, तिचे लहानमोठे भाग पाडलेले असतात आणि त्या माहितीवर इंग्रजीत परिच्छेद लिहावयाचा असतो. हा प्रश्न तिने दोन्ही वेळा कोरा सोडला होता.

"काय लिहायचं वो आप्पा? चित्रात समदं दिसतंयच की. ज्याला दिसतंय त्याला मी काय सांगू?"

हा युक्तिवाद मी वकिलांकडूनही ऐकलेला नाही. मी गाइड हातात घेतले, आकृती निरखली आणि खुर्चीतून अक्षरशः उठलो. "अगं, हे तर वाटणीपत्र!"

"कुनाचं?"

"कुणाचेही! एक मिळकत आहे. तिचे हिस्से पडले आहेत. अगोदर सांगायचे, मिळकत कशाची. मग थोरला हिस्सा, मग मधले, मग धाकटा. मग चतुःसीमा, म्हणजे कोणाच्या पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण. आणि शेवटी, वाटायचे काही शिल्लक राहिले नाही."

तिने दोरा तोंडातच धरला. डोळे मात्र असे चमकले, की आबांनी टपरीतून विचारले, "काय गं, लॉटरी लागली का काय?"

त्या दिवसापासून तिला सारा मुलूख गोल दिसू लागला. हारांच्या पाटीत ती झेंडू, शेवंती आणि गुलछडीचे हिस्से मांडी आणि गिऱ्हाइकादेखत इंग्रजीत सांगे, की थोरला हिस्सा झेंडूला गेला आहे. आबांच्या गिऱ्हाइकांचीही तिने वाटणी केली: चहावाले, कॉफीवाले आणि नुसतेच बसणारे. "तिसऱ्या हिश्शात आप्पांना घाल," आबा म्हणत. मी दुर्लक्ष करी.

परंतु ही वार्ता वाडीवर भलत्याच रूपाने पोहोचली. सून रोज कचेरीपुढे अर्जवाल्याजवळ बसते आणि वाटणीपत्र शिकते, एवढेच सासऱ्यांच्या कानी गेले. दुसऱ्या दिवशी ते गाडीवरून उतरले आणि थेट येऊन त्यांनी माझ्या टेबलावर हात आपटला.

"आमचं घर फोडताय व्हय? आन् तू गं, माझ्या जित्तेपनी रानाचं तुकडं पाडतीस?"

लोक जमले. मी शांतपणे चष्मा पुसला, कारण अशा प्रसंगी घाई करू नये. बोलली तीच.

"मामंजी, रान न्हाई वो. परीक्षेतला गोल हाय. थांबा, दावते."

तिने पाटी रिकामी केली आणि नव्याने फुले मांडू लागली. "ह्यो माझा एक दिस. ह्यो एवढा झेंडू म्हंजी रानातली तोडणी. ही शेवंती, हितं बसून हार करायचं. गुलछडी म्हंजी सैपाक, धुनं, गुरंढोरं. ही दोऱ्याची गुंडी म्हंजी झोप." आणि कडेला तिने एकच फूल ठेवले. "ह्यो अभ्यास."

सासरे वाकले. त्या एका फुलावर त्यांनी बोट टेकवले.

"एवढुसाच?"

"तेवढाच बसतोय."

"आन् मी म्हणतोय, पोरगी सारखी पुस्तकात." त्यांनी पटका काढून डोके खाजवले. मग शेवंतीची एक ओंजळ उचलली, बाजूला टाकली आणि मोकळ्या जागेकडे बोट दाखवले. "परीक्षा होस्तवर हितलं मी बघतो. तू बस वाचत."

आबा लगेच म्हणाले, "तुमास्नी हार येतोय का?"

"तू च्या कर गप."

पेपरच्या दिवशी ती केंद्रातून बाहेर आली ती पळतच. रस्ता ओलांडायच्या आतच ओरडली, "आप्पा, गोल आला! शहरातली मानसं कामाला कशी जात्यात त्याचा!"

"मिळकत लिहिलीस?"

"लिवली!"

"थोरला हिस्सा?"

"बसचा! मग रेल्वे, मग सायकल, मग पायी. बसच्या पूर्वेस सायकल, सायकलच्या दक्षिणेस पायी चालनारे. आन् शेवटी लिवलं, कुनीबी घरी शिल्लक राह्यलं न्हाई!"

आबा एवढे हसले, की त्यांचे दूध उतू गेले. मी हसलो नाही. चतुःसीमेवाचून कोणताही दस्त पुरा होत नाही, हे माझे मत आजही कायम आहे.

ती पास झाली. इंग्रजीत अगदी काठावर, पण पास! सासऱ्यांनी स्वतः ओवलेला हार तिच्या गळ्यात घातला. तो एका बाजूने वीतभर लांब होता. पुढे ती नर्सिंगच्या शिक्षणासाठी सोलापूरला गेली, आणि आता दूर कुठल्याशा सरकारी दवाखान्यात असते. माझ्या शेजारी सासरे बसतात. हार अजून वाकडेच होतात. लोक घेतात.

सबब, त्या वर्षी तो पेपर तपासणाऱ्या अनोळखी परीक्षकांस नम्र विनंती. मार्क वाढवून मागत नाही. मुदत गेलेली आहे, हे मी जाणतो. परंतु आपण बसच्या पूर्वेस सायकल वाचली, त्यावर लाल रेघ मारली की बरोबरची खूण केली, एवढे लेखी कळवावे. ती काठावर का होईना, पास कशाने झाली, हे तिचे सासरे मला दर बाजारी विचारतात, आणि उत्तर देणारे आपण एकटेच आहात. न्याय व्हावा.