दोनशे चौदा नंबरची सवत

दुपारचं जेवण झालं की हेमलताबाई डाव्या कुशीवर आडव्या होतात आणि घड्याळात तीनचे टोले पडले की उठतात. आज मात्र डोळा लागत नाही. उशाशी लाकडी पेटी आहे, पेटीत तीनशे बारा कार्डं आहेत, आणि चार वाजता केतकी ती न्यायला येणार आहे. केतकी म्हणजे बाईंच्या नवऱ्याची, गलगले सरांची, शेवटची विद्यार्थिनी. सरांना जाऊन चार वर्षं झाली, तरी पोरगी त्यांचं अपुरं पुस्तक पुरं करतेच आहे. पेटी विद्यापीठात नीट जपली जाईल, असं तिचं म्हणणं, आणि त्याला बाईंची ना नव्हती. पण सकाळी फोनवर ती म्हणाली, "काकू, दोनशे चौदा नंबरचं कार्ड तेवढं वर काढून ठेवाल? सर म्हणायचे, या एका बाईनं मला शिकवलं तेवढं कुठल्या विद्वानानं शिकवलं नाही." तेव्हापासून बाईंच्या पोटात दुखतंय, आणि ते दुखणं दुपारच्या वांग्याच्या भाजीचं नाही.

दुखणं जुनं आहे. सरांचा अभ्यास स्त्री-पुरुषांच्या कामभावनेचा. कुठल्या काळात, कुठल्या देशात लोकांनी तिला काय मानलं, पाप मानलं की कला, हे ते आयुष्यभर वाचत बसले. १९७८ साली मिरजेत राहून हा विषय धरायचा म्हणजे शेजारच्या खिडक्या पटापट लागायच्या. त्यांनी बायकांसाठी बावीस प्रश्न काढले आणि दोन नर्सबाई ते घेऊन तीन तालुके फिरल्या. नाव लिहायचं नव्हतं, म्हणून सहीही नव्हती. शिकलेली असो की नसो, प्रत्येकीनं कार्डाच्या पाठीवर जांभळ्या शाईचा अंगठा उठवायचा. आणि विचारायच्या आधी सरांनी स्वतः लिहून दिलेलं एक वाक्य तिला वाचून दाखवायचं: "तुम्ही सांगाल ते तुमच्या नवऱ्याला कधीही कळणार नाही, हे माझं वचन."

नर्सबाईंच्या कागदांवरून उत्तरं कार्डांवर उतरवायचं काम घरात फुकट मिळालेल्या लेखनिकेचं, म्हणजे हेमलताबाईंचं. तेव्हा त्या तीस वर्षांच्या होत्या. सरांनी प्रश्न लिहिले जेवणाच्या टेबलावर. ते प्रश्न तीन तालुके हिंडून आले, पण टेबलापासून ओट्यापर्यंतची चार पावलं काही चालले नाहीत. तीनशे अकरा बायकांना माझ्या नवऱ्यानं विचारलं, तुम्हाला काय हवंसं वाटतं, आणि मला विचारलं ते चहा झाला का एवढंच. या विचारानं बाईंचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग एका दुपारी त्यांनी आगाऊपणा केला. विट्याहून आलेल्या गठ्ठ्यात दोनशे चौदा नंबरचं कार्ड कोरंच आलं होतं, पाठीवर अंगठा नाही, सोबत उत्तरांचा कागद नाही. त्यावर त्यांनी वय तीस लिहिलं, ठिकाण विटा लिहिलं आणि आपली उत्तरं भरली. सतरावा प्रश्न होता, तुम्हाला कधी आपणहून हवंसं वाटतं का, आणि वाटलं तर काय करता. त्यांनी लिहिलं, "वाटतं. मग मी दिवा लवकर मालवते. ते वाचत असतात. त्यांना वाटतं, ही दमली." पाठीवर अंगठा उठवला, गठ्ठ्यात कार्ड सरकवलं आणि हात धुऊन कणीक मळायला घेतली.

आणि तिथेच सवत घरात आली. सर ते कार्ड भिंगाखाली धरून तासभर बसले. पुढे प्रत्येक भाषणात 'विट्याची एक बाई' यायची, आणि तिच्याबद्दल बोलताना सरांचा आवाज उतरायचा, मऊ व्हायचा. त्याच महिन्यापासून आणखी एक झालं. बाईंनी दिवा मालवला की सर कुरकुर न करता पुस्तक मिटायला लागले. दुसरी कुणी सुखावली असती. बाई अंधारात डोळे उघडे ठेवून म्हणायच्या, दिवा मी मालवायचा आणि पुस्तक मिटायचं तिच्यासाठी. ती मीच, असं सांगून टाकायचं शंभरदा ओठांवर आलं. पण सांगितलं आणि त्यांचा चेहरा पडला तर, या भीतीनं त्या गप्प राहिल्या. आपल्याच कार्डावर जळणारी बाई जगात दुसरी नसेल, हेही त्यांना कळत होतं.

आज त्यांनी ठरवलंय, केतकी यायच्या आत कार्ड फाडायचं. सवत विद्यापीठात मिरवायला नको. दोनशे चौदा नंबर त्यांच्या हातात आहे. पाच मिनिटं पडू आणि मग फाडू, असं म्हणून त्या डोळे मिटतात.

पंखा फिरतोय. ओट्यावर आधण ठेवलंय, ते कधी ठेवलं हे त्यांना आठवत नाही. ओटा मात्र लांबत चाललाय. लांबत लांबत तो दवाखान्यातलं बाकडं होतो, आणि हे विट्याचं बाकडं आहे हे त्यांना ठाऊक आहे, जरी त्या विट्याला कधी गेलेल्या नाहीत. बाकड्यावर बायका ओळीनं बसल्या आहेत, डोक्यावर पदर, उजवा अंगठा वर. प्रत्येकीचा अंगठा जांभळा आहे. टोकाला टेबल, टेबलाशी गलगले सर, अंगात तोच बिनबाह्यांचा करडा स्वेटर. ते एकेकीशी बोलताहेत, मान हलवताहेत. बाईंच्याशी बोलताना त्यांनी इतकी मान कधी हलवली नव्हती.

त्या ओळ मोडून तरातरा पुढे जातात. "किती वेळ चाललंय हे तुमचं?"

"बरं झालं आलीस, हेमा," सर म्हणतात. "हे बघ, सगळे जमलेत."

टेबलामागे दिवाणखाना आहे, पण दिवाणखान्यात नुसते पुरुष. एक जर्मन डॉक्टर इच्छेला रोगांच्या यादीत घालतोय. त्याच्या शेजारी शेंडीवाले पंडित तीच इच्छा कलांच्या यादीत घालताहेत. जुना हकीम सांगतोय की बाईला सुख झाल्याशिवाय गर्भच धरत नाही, तर इंग्रज डॉक्टर त्याला समजावतोय की भल्या घरच्या बाईला असलं काही वाटतच नाही. एक गोरा साहेब दूरच्या बेटावरल्या पोरापोरींच्या भेटीगाठी वहीत भरून आलाय. कोपऱ्यात एक शाहीर मिशीवरून हात फिरवत बाईच्या तोंडची लावणी रचतोय.

बाई सगळ्यांकडे बघून घेतात. "यांच्या बायका कुठायत?"

"चहा करताहेत."

"वाटलंच मला. यांनी त्यांना विचारलं कधी?"

सर टेबलावरची कार्डं सारखी करायला लागतात.

"ती कुठेय?" बाई विचारतात. "विट्याची. एवढ्या बायकांत कोणती ती? मला तिचं तोंड बघायचंय. चेहरा तर तुम्ही दिलाच असेल तिला, गोरी केली असेल, उंच केली असेल."

बाकडं आता पलंग झालंय. मिरजेचा, बिऱ्हाडातला, एक पाय हलणारा. सर उशीला टेकून बसलेत, मांडीवर पुस्तक. दिवा चालू आहे. बायका कुठे गेल्या ते कळत नाही.

"अंगठा दाखव," सर म्हणतात.

"कशाला?"

"दाखव गं."

त्या उजवा अंगठा पुढे करतात. सर भिंग धरतात. अंगठ्यावर आडवा व्रण आहे, लग्नाच्या पहिल्या वर्षी भोपळा चिरताना विळी लागली त्याचा. "शाईत ही रेघ पांढरी उठते," सर म्हणतात. "या बोटाला हळद मीच दाबली होती, हेमा. मी ओळखणार नाही?"

बाई पलंगाच्या कडेवर बसतात आणि हलणारा पाय हलतो. "म्हणजे पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत? बेचाळीस वर्षं होतात मधे. बेचाळीस वर्षं मी त्या बाईवर जळले."

"बोलणार कसं? वाक्य मीच लिहिलं होतं. तुम्ही सांगाल ते तुमच्या नवऱ्याला कधीही कळणार नाही." सर अगदी गंभीर आहेत, परीक्षेच्या पर्यवेक्षणाला उभे असावेत तसे. "वचन मोडून मी तुझ्या नवऱ्याला कसं कळू देणार?"

"अहो, पण नवरा तुम्हीच होता."

"म्हणून तर जड गेलं."

बाईंना हसू येतं आणि रागही येतो, आणि राग अजून पुरता संपलेला नाही. "आणि भाषणात तिचं नाव निघालं की आवाज मऊ व्हायचा तो?"

"तू पहिल्या रांगेत बसलेली असायचीस. त्या बाईबद्दल तुझ्यासमोर ओरडून बोलू?" सर मांडीवरचं पुस्तक मिटतात. "तेवढं तर करत होतो ना मी."

हेमलताबाई त्या मिटलेल्या पुस्तकाकडे बघत राहतात. बेचाळीस वर्षांच्या रात्री त्या मनात पुन्हा एकदा जगतात, आणि या वेळी पलंगावर तिसरं कुणी नसतं. त्यांना रडू येतं.

"तरी विचारायला हवं होतंत," त्या म्हणतात. "एकदा तरी. कार्डाला नाही, मला."

"चुकलंच ते." सर चष्मा पुसतात, घालतात, आणि टेबल पुन्हा त्या दोघांच्या मधे आहे. ते घसा साफ करतात. "प्रश्न सतरावा. तुम्हाला कधी आपणहून हवंसं वाटतं का?"

"तुम्हाला काय म्हणता?"

"तुला. अजून वाटतं का?"

त्या शहात्तर वर्षांच्या आहेत. हे विचारणारं कुणी उरलेलं नाही. "वाटतं," त्या म्हणतात.

"मग काय करतेस?"

"दिवा चालू ठेवते. मालवून कुणाला सांगू?"

सर लिहून घेत नाहीत. ते बाईंचा हात हातात घेतात, अंगठा शाईच्या गादीवर टेकवतात आणि दाबतात. गादी ओली आहे, गार आहे. दवाखान्यात कुठेतरी घंटा वाजते. "पुढची बाई आली वाटतं," सर म्हणतात, आणि बाई त्यांचा हात सोडत नाहीत.

घंटा दाराची आहे. चार वाजलेत. हेमलताबाई उठून बसतात. दोनशे चौदा नंबर अजून त्यांच्या हातात आहे, न फाटलेलं. त्या ते उलटून जुना ठसा बघतात. उठवला त्या दिवशी घाईत बघितलाच नव्हता. जांभळ्या वळ्यांमधून एक पांढरी रेघ आडवी गेली आहे. शेजारी त्या आपला अंगठा धरतात, आणि अंगठा जांभळा आहे. शाई ओली आहे. पेटीतली शाईची गादी तर केव्हाच वाळून पापड झाली आहे, झाकणसुद्धा गंजून बसलंय. त्या उघडून बघायचा प्रयत्न करतात आणि सोडून देतात, कार्ड पेटीत परत ठेवतात आणि दार उघडतात.

केतकी आत येते, पेटीशी बसते आणि सगळ्यांत वर ठेवलेलं कार्ड उचलते. सतरावं उत्तर ती दोनदा वाचते.

"कोण असेल हो ही, काकू?"

"वचन दिलेलं आहे. सांगता येत नाही."

"हेवा वाटतो या बाईचा."

"मलाही वाटायचा," हेमलताबाई म्हणतात, आणि चहा टाकायला जातात. कप विसळताना त्या उजवा अंगठा तेवढा पाण्याबाहेर ठेवतात.