धरलेली जागा

संगीत महोत्सवात जागा कशी धरू नये, हे मला विचारा. परवा नात असल्याच एका महोत्सवाला निघाली. "आजी, तंबू कुठे ठोकू?" म्हणत तिनं मोबाईलवर मैदान दाखवलं. तिच्यासाठी ट्रंकेतून सतरंजी काढली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी मी थेट लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात पोचले.

सासूबाई वर्षभर पुण्यातल्या थंडीतल्या संगीत महोत्सवाची वाट बघायच्या. त्या वर्षी जागा धरायचं काम नव्या सुनेकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. मंडपाच्या दाराशीच ऐसपैस मोकळी जागा होती. अख्ख्या पुण्याला जी दिसली नाही ती मला दिसली, याचा केवढा अभिमान! सतरंजी अंथरली, वाऱ्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर माझ्याच चपला ठेवल्या आणि गार मातीतून अनवाणी, तोऱ्यात कॉफी प्यायला गेले.

परतले तर सतरंजी दिसेना. तिच्यावर चपलांचा हा ढीग! माझ्या चपला बघून येणारा प्रत्येक जण आपल्याही तिथेच काढून आत गेला होता. मी उपसायला बसले, तेवढ्यात एक गृहस्थ म्हणाले, "अहो बाई, माझ्या कोल्हापुरी जरा बाजूला ठेवा हं." मी मुकाट्यानं ठेवल्या. मान वर केली, तर समोर सासूबाई.

आज हसून पोट दुखतं; तेव्हा मात्र रडू फुटायचंच बाकी होतं. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शांतपणे म्हणाल्या, "अगं, तुला जागा धरायला पाठवलं होतं, तू तर नोकरीच धरलीस!"