लाल पेनाचे तीन गोल

गुंजवण्याच्या ठकुबाईला देवानं दोन डोळे दिलेत, पण वापरात तिसराच असतो. संशयाचा. कोंबडीनं अंडं घातलं की ती त्यावर कोळशानं फुली मारते. कोंबडीवर विश्वास आहे तिचा, शेजारच्या बाळाबाईवर नाही. आरतीला सगळी आळी डोळे मिटते, ठकुबाई एक उघडा ठेवते. "दोन्ही मिटले की परसादातलं खोबरं कमी हुतं," असं तिचं म्हणणं. एसटीत कंडक्टरनं तिकीट दिलं की आधी उजेडाला धरून बघते, मग बसते.

अशा बाईचा नवरा चिमाजी. चार खाचरं भाताची, दोन म्हशी आणि तोंडात शब्द मोजके. तेहेतीस वर्षांत तो कुठं गेला, कुणाशी बोलला, कुणाच्या घरी दुसरा चहा प्याला, सगळं ठकुबाईला पाठ. त्यामुळं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाचा गोल दिसला, तेव्हा तिच्या हातातली भाकरी तव्यावरच करपली.

गोल पाच मे दोन हजार पंचवीसला. शेजारी पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात: ५ × ५ = २५.

त्या दिवशी चिमाजीनं इस्त्रीचा सदरा घातला. "फवारणीचा पंप बिघडलाय, कापूरहोळला दाखवून येतो," म्हणाला आणि गेला. पंप पडवीत खुंटीला लटकत होता. ठकुबाईनं पंपाकडं बघितलं, खुंटीकडं बघितलं आणि काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा आळीनं जपून राहावं.

दुसरा गोल चोवीस जुलैला. शेजारी ५७६ + ४९ = ६२५. आता जुलै म्हणजे लावणी. घरातलं मांजरसुद्धा चिखलात उतरावं असे दिवस. त्यात ती तारीख आखाडातल्या अवसेची. आणि हा गडी रोपांच्या मुठी बांधावर टाकून, पाय धुऊन, पुन्हा इस्त्रीच्या सदऱ्यात!

"अवसेला कोन जातंय गं घराबाहेर?" ठकुबाईनं बाळाबाईला विचारलं. अंड्यांचं वैर असलं तरी अशा कामाला शेजारीणच लागते.

बाळाबाईनं कॅलेंडर बघितलं. जवळून, लांबून, मान वाकडी करून.

"ठकू, ह्ये आकडं हायती."

"त्ये दिसतंय मला."

"तसं न्हवं. मटक्याचं आकडं! पाच, पाच, पंचवीस. माझा चुलत दीर असंच भितीवर लिहायचा. भीत ऱ्हायली, घर गेलं."

"आन् अवस?"

"अवसेला आकडा सांगनारा भगत असतोय कुठंतरी. न्हाईतर..." बाळाबाईनं पदर तोंडाला लावला. हे ती फक्त मोठ्या आनंदात करते. "न्हाईतर बाई आसंल."

त्याच आठवड्यात चिमाजी गोठ्यात असताना त्याचा मोबाईल वाजला. पडद्यावर नाव: सुलक्षणाबाई. ठकुबाईनं उचलला. पलीकडून बाईमाणूस खणखणीत आवाजात म्हणालं, "चिमाजी, सोळा सप्टेंबर लक्षात आहे ना? या वेळी चुकलात तर बघा!"

कॅलेंडरवर तिसरा गोल होताच. १६ + ९ = २५.

ठकुबाईनं मनाशी ठरवलं. मटका असो की बाई, भावांना बोलवायचं, देवळात चिमाजीला बेल-भंडार उचलून शपथ घ्यायला लावायचं आणि मग कायमचं माहेर गाठायचं. लेक राजनंदिनीच्या लग्नाचं बघणं चालू होतं, बायोडाटा चार ठिकाणी फिरत होता. पण खोट्याच्या संसारात राहायचं नाही. दोन लुगडी पिशवीत भरून तिनं ती कणगीमागं ठेवली.

सोळा सप्टेंबरला चिमाजी निघाला. मागच्या टेम्पोनं ठकुबाई, पिशवीसकट. कापूरहोळला तो ढाब्याशेजारी उभा, ही टायरच्या दुकानाआड. तो भोंगवलीच्या गाडीत पुढं चढला, ही तोंडावरून पदर ओढून मागं. या गडबडीत तिकीट उजेडाला धरायचं राहिलं, यावरून तिच्या मनाची अवस्था ओळखावी.

भोंगवलीत एका कौलारू घरात चिमाजी शिरला. ठकुबाई खिडकीशी गेली. आत गुडघ्याला पट्टा बांधलेली, सत्तरी उलटलेली बाई खुर्चीत बसली होती. खाली पाटावर चिमाजी, मांडीवर वही.

"वजाचं चिन्ह कुठं गेलं? खाल्लंत?" म्हातारी ओरडली.

ठकुबाई तशीच दारातून आत गेली. "काय चाललंय ह्ये, राजीच्या बापा?"

चिमाजीच्या हातातली पेन्सिल पडली.

"बसा," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "मी यांच्या शाळेत गणित शिकवायचे. तारखांचा खेळ माझाच, दिवस, महिना आणि साल यांचं गणित जुळवायचा. पाच पाचे पंचवीस, ही पाच मे. चोवीसचा वर्ग आणि सातचा वर्ग, बेरीज पंचवीसचा वर्ग, ही चोवीस जुलै. आज सोळा अधिक नऊ. अशी एखादी तारीख निवडून मी यांची चाचणी घेते. तारीखही ध्यानात राहते आणि गणितही. परीक्षेचा फॉर्म भरायचाय यांचा, दहावीचा."

"धावी?" ठकुबाई म्हणाली. "ह्ये तर धावी पास हायती."

 मग चिमाजी वहीकडं बघत म्हणाला, "न्हाई. गणितात गेलो हुतो म्या."

"लग्नाच्या टायमाला तुमच्या बापानं पेढं वाटलं हुतं पास झाला म्हनून!"

"पेढं खरं हुतं," चिमाजी म्हणाला. "निकाल खोटा हुता."

"आन् तेहेतीस वर्सं?"

"धाडस न्हाई झालं. तू पास झालेली. शिमग्यात तू राजीचा बायोडाटा लिवलास, वडील धावी पास. छापून आला तवा गिळंना मला. म्हटलं, पोरीचा कागुद तरी खरा करावा."

ठकुबाई पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. जिनं अंड्यांना फुल्या मारल्या, तिकिटं उजेडाला धरली, तिनं ही एकच गोष्ट कधी तपासली नव्हती. मटका निघाला असता तर तिला बरं वाटलं असतं. मटक्यात निदान तिचा संशय खरा ठरला असता.

परतीच्या गाडीत ती वेगळ्या बाकावर बसली. कापूरहोळला उतरल्यावर पहिल्यांदा तोंड उघडलं.

"फुडची तारीख कंची?"

"तेरा फेब्रुवारी. तेरा दुणे सव्वीस."

तिनं बोटाच्या पेरांवर मोजलं. दोनदा. मग माहेरच्या गाडीकडं न जाता गुंजवण्याच्या टेम्पोत जाऊन बसली.

माफ केलं म्हणता? छे. घरी आल्या आल्या तिनं उरलेल्या बायोडाट्यांवरचं 'दहावी पास' काळ्या पेनानं खोडलं आणि वर लिहिलं, 'दहावीला बसणार'. बाळाबाईनं आळीला ऐकू जाईल असं विचारलं, चिमाजीची बाई सापडली का. "सापडली," ठकुबाई म्हणाली, "गुडघ्याला पट्टा हाय तिच्या."

रोज संध्याकाळी आता चिमाजी पडवीत गणितं सोडवतो. पुस्तकाच्या शेवटी उत्तरांची पानं असतात, ती मात्र त्याच्या पुस्तकात नाहीत. ठकुबाईनं ती फाडून तांदळाच्या डब्यात, तळाशी पुरून ठेवलीत. डब्यावर कोळशानं फुली आहे.